घाटाचा वाटा

सासरच्या माणसांशी माझी पहिली कुरबूर झाली ती सोळा टक्क्यांवरून, आणि तीही अक्षता पडायच्या आधी.

वऱ्हाडाची बस सकाळीच चिपळूणच्या बाजूने आंबेणी घाट चढून आली होती. घाटमाथ्यावर माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, चार्जिंग स्टेशन आहे आणि मांडव स्टेशनमागच्या मोकळ्या जागेतच घातला होता. बस माझ्या सासरचीच. लग्नकार्यांना बस, रोषणाई आणि स्पीकर पुरवायचा त्यांचा व्यवसाय. माझ्या नवऱ्याचा, ईशानचा, धाकटा चुलतभाऊ संकेत ती चालवतो. बस आल्या आल्या चार्जरला लावली. हातातला चहा संपायच्या आत आकडा चौऱ्याऐंशीवर गेला आणि यंत्र आपोआप थांबलं.

ईशानची शैलाआत्या नेमकी तिथे उभी होती. "एवढीच?" ती म्हणाली. "मुलगी देताय आणि गाडी अर्धीमुर्धी भरताय होय? आमच्यात असं नाय हो चालत."

ती हसत म्हणाली, पण लग्नघरात हसत म्हटलेलंच जास्त लागतं. अंगाला हळद लागलेली, तशीच मी पुढे झाले आणि तिला कारण समजावायला लागले. आई मागून दंडाला चिमटे काढत होती. आबा सरबताचा ट्रे धरून उभे होते. ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं.

आत्याला जे सांगत होते ते इथेही सांगायला हवं. पूर्वीच्या बॅटऱ्या ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरायच्या आणि पुढे रखडायच्या. बॅटरी भरणं म्हणजे विजेचा भार घेतलेले कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेऊन जागोजाग बसवणं. सुरुवातीला सगळ्या जागा मोकळ्या असतात. शेवटी शेवटी कण जागा शोधत फिरतात, आणि घाई केली तर भलतीकडेच साचून बॅटरी बिघडवतात. त्यामुळे गाडीवाले ऐंशीवर कंटाळायचे आणि निघून जायचे. मग सोडियमची नवी बॅटरी आली. तिच्या आतल्या कोळशाला इतक्या बारीक आणि आखीव वाटा ठेवलेल्या होत्या, की शेवटचा कणही पहिल्याइतक्याच सहज आपल्या जागी जायचा. रिकामी गाडी पाच मिनिटांत शंभरावर. प्रत्येक स्टेशनखाली खोलीएवढी एक बॅटरी पुरलेली असते. ती दिवसभर तारेतून सावकाश वीज घेते आणि गाडी आली की एका दमात देते. या मार्गावर अशी स्टेशनं उभारणाऱ्या कंपनीत मी अभियंता आहे.

पेट्रोलच्या काळातली 'टाकी फुल'ची हौस लोकांना अशी परत मिळाली आणि तिथेच घाट आडवा आला.

विजेची गाडी उतारावर स्वतःला आवरते ती मोटरच्या जोरावर. उतारावर चाकंच मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते, ती बॅटरीत जाते आणि त्या ओढीने गाडी धरली जाते. हे इतकं छान चालतं, की चाकांवरचे खरे ब्रेक आता लहानच बसवतात, शेवटी उभं राहण्यापुरते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर ती वीज घ्यायची कुठे? बॅटरी नकार देते, मोटर हात सोडते आणि गाडी मोकळी सुटते. जुन्या डिझेल बसला निदान खालचा गिअर होता. हिला गिअरच नाही.

भरलेली बस आंबेणी घाट उतरते तेव्हा तिच्या बॅटरीत जवळपास सोळा टक्के वीज परत येते. म्हणून माथ्यावरचं यंत्र आधी विचारतं, वर जाणार की खाली? वर म्हणजे पाटणच्या बाजूला, पठारावर. खाली म्हटलं की चौऱ्याऐंशीला बंद. त्या रिकाम्या सोळाला आमच्याकडची माणसं 'घाटाचा वाटा' म्हणतात. शब्द आबांचाच. कुरकुरणाऱ्या ट्रकवाल्यांना ते सांगायचे, "घाटाचा वाटा ठेवावा लागतो दादा. न्हाय ठेवला तर त्यो स्वतःच्या हातानं घेतो."

हे सांगणाऱ्या माणसाच्या हातून पुढचं घडलं, म्हणून मला अजून राग येतो.

लग्न लागलं, पंगती उठल्या, रुखवत बसमध्ये चढवलं. आबांनी रुखवतात यंत्रंच यंत्रं दिली होती. पाणी तापवायचा गिझर, इंडक्शनच्या दोन शेगड्या, ओव्हन, इस्त्री. खाली वादळवाऱ्यात वीज जाते, पण बस दाराशी उभी असली तर तिच्यावर घर चालेल, असा त्यांचा हिशेब. मी चेष्टा केली, की आबा, संसार मांडताय की दुकान? ते म्हणाले, "असू दे गं."

निरोपाच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या. आबा दिसेनात. मान उंच करून पाहिलं तर ते चार्जरपाशी पाठमोरे उभे राहून जाड केबल गुंडाळत होते. नव्या सदऱ्यावरही स्टेशनचं ओळखकार्ड गळ्यात होतंच. मला वाटलं, डोळे लपवतायत. म्हणून मी हाक मारली नाही.

ऊन कलायला लागलं होतं. बस पहिल्या वळणाशी आली. बसमध्ये तीसेक माणसं, गाण्याच्या भेंड्यांची तयारी, कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स फिरवत होतं. मी खिडकीशी, ईशान शेजारी. संकेतने पाय उचलला असावा, कारण मोटरचा आवाज बदलला. अशा वेळी गाडी मागे ओढते. सीटवर बसल्या बसल्या पोटात कळतं ते. मी वाट पाहिली, पण ओढ आलीच नाही. उतार लागला तशी बस सरळ घरंगळायला लागली आणि संकेतने ब्रेक दाबला. थोड्या वेळाने पुन्हा दाबला.

मी उठून पुढे गेले. शालू, मुंडावळ्या, कमरेला ओटीतला नारळ, हा सगळा संभार घेऊन चालत्या बसमध्ये दांडा धरून उभी राहिले.

"संकेतभावजी, चार्ज किती आहे?"

"फुल," तो खुशीत म्हणाला. "तुमच्या आबांनी निघताना स्वतः भरून दिली. म्हणाले, आत्याबाईंना सांगा, पुरी शंभर आहे. बसा वहिनी तुम्ही, लागेल कुठेतरी."

यंत्र मीच बसवलेलं. खाली जाणाऱ्या गाडीला ते शंभर देणं शक्य नव्हतं. आबांनी त्याच्याशी खोटं बोलल्याशिवाय नाही.

मी फोन लावला. आमच्या घाटात दुसऱ्या वळणापर्यंत रेंज असते.

"आबा, यंत्रात काय दाबलंत?"

पलीकडे भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

"वर," आबा म्हणाले.

"खालच्या नाक्यावर फोन करा. चढणाऱ्या सगळ्या गाड्या थांबवायला सांगा. एकही गाडी घाटात नको."

"स्वरदा..."

"आबा, आधी फोन करा." आणि रेंज गेली.

संकेतने आता माझ्याकडे पाहिलं. त्याचा पाय ब्रेकवरून उठत नव्हता. "ब्रेक मऊ लागतोय," तो हळू आवाजात म्हणाला. खिडकीतून जळक्या रबरासारखा वास यायला लागला होता.

"टपावरची जाळी चालू करा." अशा बसच्या टपावर हीटरसारखी तारांची एक जाळी असते. बॅटरी भरलेली असली तर जादा वीज तिच्यात जळून जाते.

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "ती काढली. बोर्ड लावायला जागा नव्हती." बोर्ड म्हणजे 'खेतले लाइट अँड साउंड' हा रंगीत दिव्यांचा फलक. त्या क्षणी मला एकाच वेळी ओरडावंसं आणि हसावंसं वाटलं.

ईशान मागे येऊन उभा राहिला होता. "डोंगराच्या बाजूला घासत नेली तर?"

"तिकडे गटार आहे, माणूस उभा राहील एवढं खोल. तीस माणसांसकट उलटेल." मी घाटाचा विचार करत होते. पुढे पखालीचं वळण, घाटातलं सगळ्यांत तंग. ते पार केलं की डाव्या हाताला एक सपाट चौथरा आहे. मधल्या स्टेशनसाठी आम्ही काँक्रीट ओतून ठेवलं होतं, यंत्रं यायची होती. तिथे रस्ताही थोडा सपाट होतो. पण या वेगाने पखालीचं वळण घेता आलं नसतं. आणि वेग वाढतच होता.

"भावजी, ब्रेक सोडा."

"काय?"

"पूर्ण नका सोडू. अगदी थोडा ठेवा, बाकी वळणासाठी राखा. तुमचा ब्रेक आता मागे आहे." मी मागे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा सासरच्या माणसांवर आवाज चढवला. "सगळे ऐका. गाडी आवरत नाहीये. बॅटरीत जागा नाही म्हणून मोटर गाडीला धरत नाही. आपण जेवढी वीज जाळू तेवढीच मोटरला धरायला जागा होईल. जे जे विजेवर चालतं ते सगळं लावा. आत्ता."

नवी नवरी असं काही बोलेल अशी कुणाची तयारी नव्हती. माझे सासरे आधी उठले. त्यांनी मागच्या प्लगच्या बोर्डाचं झाकण काढलं. मांडवांना वीज द्यायला त्यांनी तो मोठा बोर्ड बसवलेला होता, आणि त्या दिवशी त्या बोर्डाएवढी मौल्यवान वस्तू बसमध्ये दुसरी नव्हती.

एसी पूर्ण थंडावर गेला. दिव्यांच्या माळा, फिरते झोत, स्पीकर, टपावरचा बोर्ड, सगळं एकदम सुरू झालं. भर उन्हात आमची बस झगमगत घाट उतरायला लागली. मी डॅशबोर्ड बघितला. काही म्हणता काही फरक नाही. पन्नास दिवे मिळून एका शेगडीएवढी वीज खात नाहीत आताचे. वीज वाचवायला आम्हा इंजिनिअरांनीच माणसांच्या हातून सगळी उधळी यंत्रं काढून घेतलेली. आता उधळायची वेळ आली तर घरात काही शिल्लक नाही.

"तापणारं काहीतरी हवं," मी म्हणाले. "उष्णता करणारं."

"रुखवत," शैलाआत्या म्हणाली.

ती सगळ्यांत मागच्या सीटवरून उठलीसुद्धा होती. खोक्यांचा जिलेटिन कागद तिने दातांनी फाडला. ईशानने गिझर दोन सीटच्या मधे आडवा दाबून धरला, सासऱ्यांनी त्यात पिण्याच्या पाण्याचा जार ओतला, कारण कोरडा गिझर लगेच जळून गेला असता. दोन्ही शेगड्या बाहेर आल्या. त्यांच्यावर ठेवायला रुखवतातलीच पातेली. ओव्हन रिकामाच लावला. वऱ्हाडाच्या चहाचा मोठा बॉयलर बसमध्ये होता, तोही लागला. आत्याने एका शेगडीवरचं पातेलं पैठणीच्या पदराने दोन्ही बाजूंनी गच्च धरलं. वळणावर पाणी हिंदकळलं की ती ओठ चावायची, पण सोडलं नाही. ईशानच्या लहान बहिणीने इस्त्रीचा काटा सगळ्यांत वर करून ती सीटच्या लोखंडी पायावर टेकवून धरली होती आणि मुळूमुळू रडत होती.

मी पुढे आले. खांद्यातून पहिल्यांदा ती ओढ जाणवली. अगदी बारीक, पण होती.

"धरतेय," संकेत म्हणाला.

"अजून थोडा उतार आहे. बघू."

मी आकडेमोड करत होते. बस जितकी जोरात तितकी जास्त वीज तयार होणार, आणि आम्ही जाळत होतो त्याहून ती जास्त होती. म्हणजे आधी वेग खाली आणायला हवा. एकदा तो उतरला असता तर शेगड्यांनी बसला तिथे धरून ठेवलं असतं. तो उतरवायला आता उरलासुरला ब्रेकच वापरायचा होता, आणि तो फक्त एकदाच मिळणार होता.

"आत्ता नको," मी म्हणाले. संकेतच्या कपाळावरून घाम ओघळत होता, एसीच्या गारठ्यात. "आत्ता नको. तो वळणाचा पिवळा फलक येऊ दे."

समोर दरीचा कठडा दिसत होता आणि त्यापुढे काहीच नाही. मागे आत्या मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत होती आणि मधेच कुणाला तरी सांगत होती, "पाणी घाल, पाणी घाल, आटतंय." मला आबांचा इतका राग आला होता की भीतीला जागा उरली नव्हती. मनात येत होतं, मी मेले तर या माणसाला कळेल. आणि लगेच दुसरं मनात यायचं, की त्यांना हे कळू नये. काही झालं तरी हे कळायला नको.

पिवळा फलक आला.

"आता. पूर्ण."

संकेत जवळजवळ उभा राहिला ब्रेकवर. चाकांमधून किंचाळल्यासारखा आवाज आला, धुराचा लोट खिडकीवरून गेला आणि वेग उतरला. मग ब्रेकवरचा पाय सरळ तळाला गेला. संपला ब्रेक. पण बस पुन्हा सुटली नाही. मोटर तिला धरून होती, शेगड्या आणि गिझर आणि एक इस्त्री यांच्या जिवावर. पखालीचं वळण आम्ही कठड्याला मागची बाजू खरवडत घेतलं. डाव्या हाताच्या सगळ्या खिडक्या तडकल्या. कुणीतरी माझा शालू मागून मुठीत धरून ठेवला होता. नंतर कळलं, आत्याने. एका हाताने पातेलं आणि एका हाताने मी.

चौथऱ्यावर बस चढली, सपाटीवर मंदावत गेली, आणि हँडब्रेकने थांबली.

थोडा वेळ नुसता पाणी उकळल्याचा आवाज येत होता.

माणसं खाली उतरली. दोघांना भाजलं होतं, ईशानच्या मनगटावर गिझरची कड रुतून खोल कापलं होतं. बाकी सगळे धड. संकेत चाकाशी बसून होता. मी म्हटलं, कुणी काही बंद करू नका. वीज चौऱ्याऐंशीवर येईपर्यंत बस इथून हलणार नाही. मग उघड्या चौथऱ्यावर, लख्ख उन्हात, सगळे दिवे लावून आणि शेगड्या पेटवून आमचं वऱ्हाड बसलं. एवढं उकळलेलं पाणी होतं म्हणून कुणीतरी त्यात चहा टाकला.

सासरे माझ्याजवळ आले. "स्वरदा, एक विचारतो. गाडी भरली कशी? तुमचं यंत्र तर खाली जाणाऱ्या गाडीला देत नाही ना?"

सगळे ऐकत होते. ईशान माझ्या कानाशी झुकला. "यंत्र चुकलं म्हण," तो पुटपुटला. "कुणाला काय कळतंय? उगाच आबांना कशाला..."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्या आबांना तो माझ्यासाठी वाचवत होता, आणि त्यावरून तो मला आवडलाही. यंत्रावर ढकलणं सोपं होतं. कंपनीने ते उघडून पाहिलं असतं, त्यात काही सापडलं नसतं, चार दिवसांनी सगळे विसरले असते. आणि पुढच्या मुहूर्ताला घाटावर आणखी कुणी टोमणा मारला असता आणि आणखी कुणा बापाने 'वर' दाबलं असतं. आबांचं माथ्यावर नाव आहे. पुढच्या स्टेशनपर्यंत पुरेल एवढी वीज गाडीत शिल्लक असली तरी ट्रकवाले त्यांच्याकडे थांबतात. विहिणी-व्याह्यांसमोर एका वाक्यात ते नाव मी मातीत घालणार होते, लग्नाच्या दिवशी.

"यंत्र चुकलं नाही," मी म्हणाले. "आबांनी भरली. गाडी वर जातेय असं सांगून."

शैलाआत्या चहाचे पेले भरत होती. तिच्या हातातली किटली तशीच राहिली. "मी बोलले म्हणून भरली," ती म्हणाली. तिच्या तळहातांवर फोड उठले होते. "मला काय ठाऊक, ते एवढं मनाला लावून घेतील. आमच्यात बोलायची पद्धतच आहे."

तेवढ्यात वरून जीप आली. सावकाश, आमच्या खरवडलेल्या कठड्याजवळून. आबा उतरले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग बस, मग एकेक माणूस मोजल्यासारखं बघितलं. नवा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ते जवळ आले आणि माझ्या चेहऱ्याला हात लावायला गेले, पण मधेच थांबले. मी पुढे झाले नाही. मला जमलंच नाही.

"सगळी हायती?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

मग त्यांचं लक्ष शेगड्यांकडे गेलं. रुखवताचे कागद वाऱ्यावर उडत होते. गिझरमधून वाफ येत होती. भर दिवसा दिवे जळत होते. त्यांनी लेकीला म्हणून चोरून दिलेली सोळा टक्के वीज आम्ही सगळे मिळून हवेत घालवत होतो. ते बघत उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी कारण सांगतील. आत्याने असं म्हटलं, मला तसं वाटलं. मी त्याच्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

"तुला रिकाम्या हातानं पाठवतोय असं वाटलं," ते म्हणाले. "येवढंच. मला घाट ठावं नव्हता असं न्हाय. मला वाटलं, एक डाव काय होतंय."

"एका वेळेसच होतं आबा."

"व्हय."

शैलाआत्या फोड आलेल्या हाताने पेला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "घ्या," ती म्हणाली. "तुमच्याच विजेचा आहे." आबांनी पेला घेतला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

"मला हे कळवावं लागेल," मी म्हणाले. माझा आवाज फुटत होता आणि मला त्याची चीड येत होती. "कंपनीला. तुम्ही काय दाबलंत ते. स्टेशन जाईल तुमच्याकडून."

"कळव की."

"आबा, मी सांगतेय ते समजतंय ना तुम्हाला?"

त्यांनी पेला चौथऱ्यावर ठेवला. गळ्यातलं ओळखकार्ड मानेवरून काढलं. त्याशिवाय यंत्र कुणाचं ऐकत नाही. नाडी नीट गुंडाळली, जशी ते रोज रात्री गुंडाळून खुंटीला लावायचे. माझ्या कमरेला ओटीचा नारळ तसाच खोचलेला होता. त्याच्या शेजारी, पदराच्या घडीत, त्यांनी ते कार्ड ठेवलं.

"हे पण घेऊन जा," ते म्हणाले. "म्हंजी पुन्हा मोह नको."

मांडवात मी रडले नव्हते. चौथऱ्यावर रडले, सगळ्या सासरच्या माणसांसमोर, आबांच्या घामेजलेल्या सदऱ्यात तोंड खुपसून. राग गेला नव्हता. तो होताच, आणि तरी मला त्यांना सोडवेना. ते माझ्या पाठीवर थोपटत होते आणि माझ्या डोक्यावरून बसच्या आकड्याकडे बघत होते.

"किती झाली?" तासा-दीड तासाने त्यांनी विचारलं.

संकेतने आत डोकावून पाहिलं. "शहाऐंशी."

"अजून दोन."

आम्ही थांबलो. ऊन उतरलं, चाकं गार झाली, संकेतने खाली वाकून दोनदा तपासली, ब्रेकही पुन्हा धरायला लागला. नाक्यावरचा माणूस मोटारसायकलवर येऊन सांगून गेला की गाड्या अडवून धरल्यात. आबा प्लगच्या बोर्डापाशी जाऊन उभे राहिले होते, हात मागे बांधून, स्टेशनवर उभे राहायचे तसे. गळा मोकळा होता. त्यांचा हात एकदा सवयीने छातीकडे गेला आणि परत आला.

"चौऱ्याऐंशी," संकेत म्हणाला.

आबांनी एकेक पिन काढली. आधी इस्त्री, मग ओव्हन, शेगड्या, शेवटी गिझर. दिवे विझवले. गरम पातेली आपल्या उपरण्यात गुंडाळून बसमध्ये ठेवली, खोकी बांधली. मग खाली उतरून दार स्वतः लावलं आणि संकेतच्या खिडकीवर थाप मारली.

"घाटाचा वाटा ठेवलाय," ते म्हणाले. "आता न्या."